रात्री साडेआठला किचनला कुलूप

पुण्यात धायरीत आम्ही 2015 ला भाड्याच्या बंगल्यात सुरू केलं तेव्हा 6 जण होते, आता स्वतःची जागा आणि 22 आजी-आजोबा. बायको नर्स, मी आधी बँकेत. आम्ही असिस्टेड लिव्हिंग म्हणतो, रिक्षावाले वृद्धाश्रमच म्हणतात, असो.

मला पहिल्यापासून किचनचा फार अभिमान होता. 19 किलोचे कमर्शियल सिलेंडर, पोळ्यांना वेगळी बाई, फळ्यावर आठवड्याचा मेनू, आणि कोणी बघायला आलं की मी आधी किचनच दाखवायचो. साडेसातला जेवण, साडेआठला ओटा धुवून कुलूप. कुलूप का, तर विस्मरण असलेल्या एका काकांनी एकदा गॅसचा कॉक फिरवून ठेवला होता, पेटवायचं विसरले, वासावरून लक्षात आलं म्हणून वाचलो.

पण आमच्या एक आजी संकष्टी करतात. चंद्रोदय बहुतेक वेळा साडेआठनंतरच, कधी साडेनऊ कधी दहा. आमचे स्वयंपाकी महाराज त्यांचा वरणभात डब्यात काढून ठेवायचे आणि आम्ही खूश, की बघा किती पर्सनल लक्ष देतो. एकदा राऊंडला गेलो तर आजी पलंगाच्या कडेला बसून डब्यातला भात चमच्याच्या टोकाने फोडत होत्या, गोळा झाला होता पार, वर तूप थिजलेलं. कित्येक महिने असंच खात होत्या म्हणे. म्हणलं सांगायचं ना, तर म्हणाल्या, "कुलूप लावलं की मागायचं नसतं हो."

तरी मी लगेच काही केलं नाही, खोटं कशाला बोलू. केलं ते पुढच्या प्रकारानंतर. पहाटे 3 ला एका काकांना दरदरून घाम, हात थरथरतायत, शुगर बघितली तर 58, म्हणजे फार कमी. शुद्धीवर होते म्हणून साखरेचं पाणी चाललं असतं, पण साखर कुलपात आणि किल्ली महाराजांच्या खिशात, महाराज नऱ्ह्याला घरी. नाईटच्या मावशींच्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या होत्या त्यावर निभावलं, 15 मिनिटांनी परत चेक केलं तेव्हा जीव भांड्यात पडला. बावीस माणसांचं किराणा भरलेलं घर आणि चमचाभर साखर मिळेना!

मग खालची स्टोअररूम रिकामी करून छोटं किचन केलं, ते 24 तास उघडं. ओटा 30 इंचावर घेतला आणि खाली ट्रॉल्या लावल्या नाहीत, म्हणजे व्हीलचेअरवाल्यांचे गुडघे आत जातात. सुताराला हे पटेना, त्याने दोनदा ट्रॉलीचं माप काढलं. गॅस नाही, इंडक्शन, कारण पातेलं उचललं की तापणं थांबतं. पण पेसमेकरवाल्यांना इंडक्शनपासून दोन फूट लांब राहायला सांगतात, ते मला नंतर कळलं, म्हणून त्यांच्यासाठी आपोआप बंद होणारी किटली. आणि आज्यांची घरून आणलेली ॲल्युमिनियमची पातेली इंडक्शनवर तापतच नाहीत त्यामुळे पहिला आठवडा नुसता "तुमचं मशीन बिघडलंय."

पहिल्याच महिन्यात मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचं फुलपात्र गेलं, ठिणग्या, आरडाओरडा. मुलांचे फोन आले ते वेगळेच, बाबांना डायबेटीस आहे आणि तुम्ही फ्रीज उघडा ठेवता? त्यांना मी एवढंच म्हणतो की बाबा 78 वर्षांचे आहेत, गुळांबा खायचा की नाही हे त्यांनी ठरवावं, आम्ही शुगर तपासू आणि डॉक्टरांना कळवू. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांचं मात्र वेगळं, तिथे मी ऐकत नाही, मावशी सोबत बसल्याशिवाय घास नाही. विस्मरणवाले काका पण तिथे एकटे जात नाहीत.

साय कोण खातं यावरून रोज भांडण. डब्यांवर नावं लिहिली तरी.

संकष्टीला आता आजी कालनिर्णय बघून साडेनऊला खाली येतात, भात गरम करतात, आणि एकट्या नाही, उपास नसलेले तिघं-चौघं पण नेमके तेव्हाच भुकेले होतात. परवा सगळ्यांनी मिळून त्या इंडक्शनवर आमटीला परत फोडणी दिली आणि सकाळी महाराजांना ते कळलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.