शेवया हलवायचा उद्योग: गुरूचे चार चंद्र, आत्तापर्यंत कुठवर आलंय

पावसाळा लागला की आमचा सहा इंची डॉब (डॉब्सोनियन, आरशाची साधी दुर्बीण) जुन्या गोधडीत गुंडाळून कपाटामागे जातो आणि मग चार महिने हाताला काहीतरी चाळा लागतोच, तर यंदा ठरवलं की जानेवारीपासून डोक्यात वळवळणारा एक किडा बाहेर काढायचा. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती (म्हणजे आपल्याकडून बघता गुरू सूर्याच्या बरोबर समोर), मिथुनेत, रात्रभर आकाशात, म्हणून सोसायटीच्या गच्चीवर पोरांना बोलावलेलं. चंद्र सगळ्यांना दिसले, ओरडाआरडा झाला, मग मी हौसेने तो नेहमीचा नागमोडी आलेख वाटला. आपल्याला सवयीचा आहे तो, वरून खाली तारखा, मधल्या दोन उभ्या रेषा म्हणजे गुरू आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झुलणाऱ्या चार लाटा म्हणजे त्याचे चार चंद्र. सातवीतली एक मुलगी बराच वेळ कागद उलटसुलट करून बघत होती, शेवटी म्हणाली, "काका, या शेवया कसल्या?"

समजावलं, हातवारे केले, तिच्या भावाला गुरू करून तिलाच त्याच्याभोवती फिरवलं, पण कागदाशी त्याचा संबंध काही लागेना. घरी येऊन मी स्वतःच तो आलेख नीट बघितला आणि लक्षात आलं की यात तीन चित्रं एकात कोंबलीत. वरून बघितलं तर चंद्र गोल फिरतात, आपण कडेवरून बघतो म्हणून ते एका रेषेत पुढे-मागे सरकतात, आणि ती रेषा तासातासाने खाली खाली सरकवत नेली की लाट होते. कागदावर फक्त तिसरं चित्र छापतात, पहिली दोन आपण मनात चालवतो आणि चालवतोय हे विसरून जातो. ज्याला ती चालवता येत नाहीत त्याला शेवयाच दिसणार, त्यात तिची काय चूक.

तर प्लॅन असा, तिन्ही चित्रं हलती करून एकत्र दाखवायची: मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर तीन मजले, वर कक्षा, मधे आयपीसमधली (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगातून दिसते ती) पट्टी, खाली हळूहळू भरत जाणारा आलेख. पायथन भाषा आणि तिच्यातल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या संचाचं फंकअ‍ॅनिमेशन, बाकी फॅन्सी काही नाही. कक्षा गोल धरल्यात, अंतरं गुरूच्या त्रिज्येत: आयो ५.९, युरोपा ९.४, गॅनिमीड १५, कॅलिस्टो २६.३.

पहिला रविवार. एका फ्रेमला एक दिवस पुढे, म्हटलं रात्री एकदाच तर बघतो आपण. चालवलं आणि स्क्रीनवर दोन आयो! समोरासमोर, दोघे मिळून सावकाश पुढे सरकतायत. तासभर कोडमधे डुप्लिकेट ठिपका शोधला, नव्हताच. मग फ्रेम कमी कराव्यात म्हणून ३६ तासांची स्टेप दिली, तर आयो सरळ उलटा फिरायला लागला. तेव्हा पेटली ट्यूब. आयोची प्रदक्षिणा १.७६९ दिवसांची, म्हणजे दिवसाला तो साधारण २०३.५ अंश जातो, अर्ध्या वर्तुळाच्याही पुढे. एका फ्रेमला तो पलीकडे, पुढच्या फ्रेमला परत अलीकडे, फक्त ४७ अंश पुढे, म्हणून डोळ्याला जोडी दिसते. ३६ तासांत ३०५ अंश, म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने ५५ अंश मागे. जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, सेम टु सेम तेच.

गंमत अशी की आपण रोज रात्री नऊला वहीत चार ठिपके काढतो तेही हेच आहे, दिवसाला एक फ्रेम. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला गुरूच्या पूर्वेला दोन आणि पश्चिमेला एक ठिपका पाहिला, ८ तारखेला तिन्ही पश्चिमेला, ९ ला ढग, १० ला दोनच आणि दोन्ही पूर्वेला, चौथा पहिल्यांदा दिसला १३ ला. ही चित्रं एकामागे एक लावून फ्लिपबुकसारखी पळवून बघितली तर काही म्हणजे काही कळत नाही, नुसतं उड्या मारणं. त्यातून त्या माणसाने फिरणं ओळखलं. ९ तारखेच्या ढगांवरून तर मला तो आपल्याच आकाश बघणाऱ्या ग्रुपातला वाटायला लागलाय.

आता फ्रेमला एक तास ठेवलाय. आयो फ्रेममागे साडेआठ अंश, डोळ्याला छान सलग. कॅलिस्टोची एक फेरी १६.७ दिवसांची, म्हणजे ४०० फ्रेम, २५ च्या स्पीडने १६ सेकंद. यापेक्षा लांब व्हिडिओ घरचेसुद्धा बघत नाहीत, टेस्ट करून झालंय.

दुसरा आठवडा सगळा लाजेचा. मी चारही चंद्र शून्य अंशावरून सोडले होते, सुरुवातीला सगळे एका ओळीत, दिसायला झकास, जणू शर्यत सुटतेय. ग्रुपमधल्या आमच्या रिटायर्ड सरांना क्लिप पाठवली, त्यांचा पाच मिनिटांत फोन. "अहो, आयो, युरोपा आणि गॅनिमीड एका बाजूला एका ओळीत आणलेत तुम्ही, हे आकाशात कधीच होत नाही." बरोबरच होतं. तिघांच्या कालावधींचं जवळजवळ १:२:४ जमतं हे माहीत होतं, पण लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाची पुढची अट मी पार विसरलो होतो: आयोचा कोन, वजा युरोपाच्या कोनाची तिप्पट, अधिक गॅनिमीडच्या कोनाची दुप्पट, याची बेरीज नेहमी १८०. सगळे शून्यावर ठेवले तर बेरीज शून्य, म्हणजे माझं पहिलंच चित्र अशक्य. आयोला १८० वर ठेवलं आणि युरोपा-गॅनिमीड शून्यावर, झालं काम. कॅलिस्टो या भानगडीत नाही, त्याला कुठेही ठेवा.

तरी संपलं नाही. सरांच्या धाकाने ती बेरीज कोपऱ्यात आकड्यात दाखवायला लागलो, तर ती १८० वरून हळूहळू घसरते! कारण मी कालावधी दोन दशांशांपर्यंत लिहिले होते, १.७७, ३.५५, ७.१५. एवढ्याशा कापाकापीने दिवसाला ०.१४ अंश सटकतो, वर्षभरात ५० अंश. सोळा दिवसांच्या क्लिपमधे कोणाच्या बापाला दिसणार नाही, पण मला माहीत होतं ना. आता १.७६९१३८, ३.५५११८१, ७.१५४५५३ आणि बेरीज खिळा ठोकल्यासारखी जागेवर.

एक सांगतो, कागदावरच्या आलेखात ही चूक मी आयुष्यभर पचवली असती. चार लाटा कुठून सुरू होतात याला कोण विचारतंय. हलायला लागल्यावर मात्र चूक लपत नाही, निदान सरांपासून तरी.

मग रंग. आधी लाल, हिरवा, निळा, पिवळा असं बालवाडीसारखं होतं. आमच्या भाच्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, त्याने विचारलं की तीनच चंद्र आहेत का. ओकाबे-इटोची रंगमाला (रंगांधळ्यांनाही वेगळे दिसतील असे रंग) उचलली, नारिंगी, आकाशी, हिरवट निळा, पिवळा, काळ्या पार्श्वभूमीवर मस्त उठतात. शिवाय लाटेच्या टोकाला नाव लिहिलं, कोपऱ्यातला लेजंड (कुठला रंग कोणाचा ती यादी) उडवला, कारण माणूस लेजंड वाचायला गेला की तेवढ्यात आयो अर्धी फेरी मारून येतो.

मापाचा प्रश्न अजून खुपतोय. कॅलिस्टो बसवायचा म्हणजे रुंदी गुरूच्या ५३ त्रिज्या, १०८० पिक्सेलमधे गुरू जेमतेम ४० पिक्सेलचा आणि आयो एका पिक्सेलचा. अंतरं आणि गुरू मापात ठेवलेत, चंद्रांचे ठिपके फुगवलेत आणि तसं खाली बारीक अक्षरात लिहिलंय.

सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला म्हणाल तर एका तुटक उभ्या रेषेने. तिन्ही मजल्यांची आडवी पट्टी एकाच मापाची केली आणि युरोपाच्या ठिपक्यातून खाली एक रेषा सोडली, कक्षेतून पट्टीत, पट्टीतून लाटेच्या टोकावर. आधी चौघांच्या चार रेषा होत्या, नुसता पाऊस. तीन काढल्या आणि चित्र बोलायला लागलं. बाकीचेही वळवळ करणारे प्रकार काढून टाकले, गुरूचं स्वतःभोवती फिरणं, मागचे लुकलुकणारे तारे (दोन संध्याकाळी घातल्या होत्या त्यावर, असो). शेवटची फ्रेम तीन सेकंद थांबते आणि तेव्हा खालचा मजला हुबेहूब त्या वाटलेल्या कागदासारखा दिसतो. हे मुद्दाम केलंय.

सेव्ह करतानाची रड थोडक्यात. गिफ १८ एमबी झाली आणि २५६ रंगांच्या मर्यादेमुळे गुरूभोवतीची फिकट झाक पायऱ्यापायऱ्यांची दिसायला लागली, तीच क्लिप एमपी४ मधे दीड एमबी. एफएफएमपेगने (व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर) आधी तोंड वाकडं केलं कारण उंची १३५१ पिक्सेल होती, विषम चालत नाही, १३५० केली. पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही-४२०-पी द्यायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉपवर चालतं आणि फोनवर काळा चौकोन. आणि अ‍ॅनिमेशन एखाद्या व्हेरिएबलमधे धरून ठेवा, मी नव्हतं ठेवलं, पायथनने ते कचरा समजून फेकून दिलं आणि मी रिकाम्या खिडकीकडे बघत बसलो.

परवा त्या मुलीला क्लिप दाखवली. पहिल्यांदा गप्प. दुसऱ्यांदा बोट स्क्रीनवर ठेवून युरोपाची रेषा वरून खाली नेली आणि म्हणाली, "म्हणजे शेवई म्हणजे त्याच्या पायाचे ठसे." मी चहा सांडायचा राहिलो. लगेच पुढचा बाण, "पण मधल्या पट्टीत तो गुरूच्या पुढून जातोय का मागून, कसं कळणार?" कळत नव्हतंच! माझे सगळे चंद्र गुरूच्या पुढूनच जात होते. त्याच रात्री झेड-ऑर्डर (कोण कोणाच्या वर काढायचं तो क्रम) लावली, मागे गेला की तबकडीखाली. सेव्ह केलेल्या फाइलमधे बरोबर, स्क्रीनवर मात्र आयो गुरूच्या डोक्यावरूनच, कारण ब्लिट (फक्त यादीत दिलेल्या वस्तूच दर फ्रेमला नव्याने काढणं) चालू होतं आणि गुरूची तबकडी मी रिटर्न यादीत दिली नव्हती, ती बॅकग्राउंडमधे छापून मोकळी. यादीत टाकली, सुटलं. डॉबमधे हे सगळं १८० अंशांनी उलटं दिसतं, त्याचं एक वेगळं व्हर्जन करून ठेवलंय, गच्चीवर तेच लागणार.

सध्या अडकलोय रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञावर. आयो गुरूच्या सावलीत शिरल्याची बातमी पृथ्वी जवळ असताना ३५ मिनिटांत पोचते, लांब असताना ५२ च्या आसपास, आणि या उशिरावरूनच त्याने १६७६ मधे प्रकाशाला वेळ लागतो हे मांडलं (कक्षेच्या पूर्ण व्यासाला त्याचा अंदाज २२ मिनिटं, खरी साडेसोळा). माझ्या तासाच्या फ्रेममधे हा फरक पाव फ्रेमपेक्षा जरासा जास्त, दिसणारच नाही. म्हणून एका ग्रहणाची वेगळी क्लिप घेतलीय, फ्रेमला एक मिनिट, दोन पट्ट्या, एक जवळच्या पृथ्वीची, एक लांबच्या. वरच्या पट्टीत आयो विझतो, खालच्या पट्टीत अजून चमकतोय, सतरा फ्रेमनंतर तोही विझतो. मला भारी वाटतंय, पण बायको म्हणाली की दोन वेगळे चंद्र वाटतायत. खालचा फिकट करू, की मधून प्रकाशाचा ठिपका सरकवत नेऊ? ठिपका सरकवला तर अंतराचं माप परत बोंबलतं. कोणी असलं काही केलं असेल तर सांगा, तोवर दोन्ही करून बघतो, पाऊस काय लगेच थांबत नाही.