माउलींच्या अश्वासाठी राखलेले आठ टक्के

पुरंदावड्याच्या माळावर आम्ही पोचलो तेव्हा पालखी यायला बराच अवकाश होता, पण माझ्याबरोबरच्या पोराचं तोंड उतरलं होतं. कॅमेऱ्यात फक्त अकरा टक्के बॅटरी! "दादा, सकाळपासून शंभर फोटोसुद्धा काढले नाहीत हो!" जोडीला घेतलेली स्वस्तातली बॅटरी तर चाळीस टक्के दाखवता दाखवता एकदम मेली होती. चार्जर, पॉवर बँक सगळं गाडीत, आणि गाडी पुढे माळशिरसच्या मुक्कामाला गेलेली. माझी द्यावी तर माझा निकॉन डी ८५०, म्हणजे आत आरसा असलेला डीएसएलआर, आणि त्याचा दुसऱ्याच कंपनीचा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. बॅटरीचा आकारच वेगळा.

वारीतलं माउलींचं पहिलं गोल रिंगण. ते हुकलं तर त्याची वारीच हुकल्यासारखी. मी त्याचा कॅमेरा हातात घेतला. व्ह्यूफाइंडरपाशी, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीपाशी, एक बारीक सेन्सर असतो, डोळा जवळ आला की व्ह्यूफाइंडर चालू करणारा. मी त्यावर तळहात धरला आणि धरूनच ठेवला. आतला उजेड विझेना, कॅमेरा झोपेना. नातेपुत्यापासून कॅमेरा पोराच्या छातीवर लटकत होता आणि त्याच्या शर्टालाच तो डोळा समजत होता. न काढलेल्या फोटोंवर सगळी बॅटरी गेली होती.

मिररलेसची बॅटरी क्लिक करण्यात कमी आणि वाट पाहण्यात जास्त संपते, हे मी नवीन पोरांना कळकळीने सांगतो. डीएसएलआरमध्ये आरशातून थेट समोरचं दिसतं, फोटो टिपणारा सेन्सर फोटोपुरता जागा होतो. मिररलेसमध्ये तो सेन्सर आणि व्ह्यूफाइंडरमधला छोटा पडदा सतत चालू. म्हणून डी ८५० ला कंपनी एका चार्जमध्ये १,८४० फोटो सांगते आणि सोनीच्या ए सेव्हन थ्री या मिररलेसला व्ह्यूफाइंडरवर ६१०. बॅटरी उलट सोनीचीच मोठी आहे.

मग तिथेच धुळीत बसून कामाला लागलो. मोबाइलशी जोडलेलं वायफाय, ब्लूटूथ बंद. फोटो काढल्यावर तो आपोआप दिसायची सोय बंद. मागचा मोठा स्क्रीन बंद. काढलेले फोटो बघत बसायचं नाही, नको ते खोडायचे ते रात्री. आणि आपोआप झोपेल म्हणून थांबायचं नाही, बटणच बंद करायचं. "विणेकरी धावायला लागले की चालू कर, त्याआधी हात लावू नकोस." पोराला ते जड गेलं. समोर पताकावाले धावले, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या धावल्या, आणि त्याची बोटं नुसती बटणावर. त्या सगळ्यांचे फोटो मी घेतले.

विणेकरी आत आले. त्याने कॅमेरा चालू केला तेव्हा आठ टक्के होते. मग "माउली, माउली" असा एकच गजर उठला आणि अश्व सुटले. पुढे स्वाराचा, मागे पाठीवर कुणी नसलेला माउलींचा. पोराने बोट दाबूनच ठेवलं. सलग काढलेल्या फोटोंना त्या मानाने बॅटरी फार लागत नाही. अश्व थांबले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, तेही त्याला मिळालं. तरी तीन टक्के शिल्लक होते.

रात्री माळशिरसला दिंडीच्या तंबूत जनरेटर सुरू झाल्यावर प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक टाकायला लावले, म्हणजे कोणती लवकर दम सोडते ते कळतं. वारी संपल्यावर त्या अर्ध्या चार्जवर, थंड कोरड्या जागी ठेवायच्या, भरून किंवा पार रिकाम्या नाहीत, हेही सांगितलं. ती स्वस्तातली बॅटरी पिशवीतून निघाली तेव्हा बोटाला तिचं पोट किंचित फुगलेलं लागलं. ती मी चार्जरला लावू दिली नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी ठेवली, पुण्याला गेल्यावर ई-कचऱ्यात द्यायला.