गिल्बर्ट हिल: १४० रुपये देऊन शून्यावर

आधी व्यवहाराचं सांगते. अंधेरी स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात की गिल्बर्ट हिलसाठी रिक्षा करू नका. चाला. जेमतेम दीड किलोमीटर आहे. आमच्याकडून रिक्षावाल्याने १४० रुपये काढले. मीटर २६ ला सुरू होतो, एवढ्या अंतरात पडून पडून कितीसा पडणार? ‘मीटर टाका’ म्हटलं तर म्हणे टेकडीचं भाडं वेगळं. रिक्षा टेकडीवर जातच नाही हो, पायथ्याच्या गल्लीत सोडते! मी भांडणारच होते, पण भाच्याला घाई. त्याच्या मते टेकडीखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, भरत होता.

झालं असं की भाचा एम.एस्सी.ला आहे आणि त्याला नुकतं इंटरफेरोग्राम, म्हणजे दोन रडार प्रतिमांमधून जमिनीच्या हालचालीचं चित्र, काढता यायला लागलंय. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची जुलैतली एक रडार प्रतिमा, ऑक्टोबरातली दुसरी, दोन्हींतला फरक काढला, तर अंधेरीवर रंगाचं एक छान गोल कडं. एक पूर्ण कडं म्हणजे जमीन उपग्रहाच्या रोखाने २.८ सेंटीमीटर सरकली. उपग्रह तिरका बघतो हे सोडून देऊन याने सरळ तीन सेंटीमीटर उचल धरली आणि मोगी मॉडेलमध्ये घातली.

मोगी मॉडेल म्हणजे जमीन किती उचलली यावरून खालचा मॅग्मा किती खोल आणि किती, याचा १९५८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कियू मोगी यांनी मांडलेला हिशेब. जपानमधल्या साकुराजिमा ज्वालामुखीच्या १९१४ च्या उद्रेकानंतर भोवतालची जमीन खचली होती, ती मापं आणि हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीची मापं त्यांनी घेतली. जमीन म्हणजे एक अफाट रबरी ठोकळा समजायचा आणि खोलवर एक बारीकसा गोळा फुगतोय किंवा आक्रसतोय असं धरायचं. मधल्या उचलीच्या निम्मी उचल जिथे उरते, ते अंतर साधारण १.३ ने गुणलं की गोळ्याची खोली. भाच्याचं कडं २.३ किलोमीटरवर निम्मं होत होतं, म्हणून खोली तीन किलोमीटर. त्यावरून घनफळ सुमारे ११ लाख घनमीटर. ‘मावशी, तू फक्त चल’, म्हणाला.

मी याच रडार प्रतिमांवर पोट भरते. मला संशय होता, पण रविवार होता आणि खरं सांगायचं तर मी मुंबईची असून ती टेकडी कधी पाहिली नव्हती.

टेकडी कशी आहे? काळ्या बेसाल्टचे उभे खांब एकमेकांना चिकटून, जवळपास दोनशे फूट, वय सहा कोटी वर्षांच्या पुढचं. पण हे खांब पायऱ्या चढून दिसत नाहीत, हे कुणीच सांगत नाही. वर गावदेवीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंना इमारती. खडक तुमच्या पायाखाली. खांब बघायचेत तर खालच्या गल्लीतून मान वर करून बघा, पाच मिनिटांत काम होतं. वर गेलातच तर सकाळी नऊच्या आत. आम्ही साडेबाराला पोचलो. देवळापाशी चपला काढल्या आणि नंतरची वीस मिनिटं तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत काढली. मोजे न्या. थट्टा नाही, मोजेच न्या.

वर भाच्याने फोनवर उंची घेतली. दर वाचनात काही मीटरचा फरक, आणि आम्ही शोधत होतो तीन सेंटीमीटर. मग त्याने पिशवीतून गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी काढली, दहा मीटर. कल्पना वाईट नाही. किलाउआच्या वेधशाळेतही जमिनीचा कल मोजायला पाण्याच्या नळ्या वापरल्या गेल्यात. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. देवीला आलेल्या एका आजींनी विचारलं, ‘टाकी बसवताय का?’

तिथेच उन्हात मला सुचलं आणि हसू आवरेना. मोगीच्या उंचवट्याच्या मध्यावर कल शून्य असतो! टोपी डोक्याच्या माथ्यावर सपाटच असते. सगळ्यात जास्त कल खोलीच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे इथून दीड किलोमीटरवर. कुठे? अंधेरी स्टेशनला. जिथे रिक्षात बसलो तिथे. १४० रुपये मोजून आम्ही अख्ख्या अंधेरीतल्या त्या एकाच जागी आलो होतो जिथे काहीच मोजता येत नाही. स्टेशनवरही दहा मीटर नळीत फरक पडला असता मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

मॅग्मा अर्थातच नव्हता. सावलीत बसून त्याला लॅपटॉपवर जूनची प्रतिमा उघडायला लावली. जून-जुलै जोडीत तेच कडं उलट्या चिन्हाने, जमीन खचल्यासारखं. जून-ऑक्टोबर जोडीत काहीच नाही. म्हणजे दोष एकट्या जुलैच्या प्रतिमेत: त्या दिवशी अंधेरीवर ओला ढग होता, बाष्पाने रडारच्या लहरींना उशीर झाला आणि ढग नाहीसा झाल्यावर जमीन वर आल्याचा भास झाला. मॉडेलला ढग माहीत नाही. गोल काही दिलं की ते खोली आणि घनफळ काढून हातात ठेवतं.

तेव्हा मागून जाणाऱ्यांनो, पावसाळ्यातल्या एका जोडीवर काहीही बसवू नका, निदान तीन प्रतिमा घ्या. २०२५ च्या जुलैत उडालेल्या निसार या इस्रो-नासाच्या रडार उपग्रहावरही भिस्त ठेवू नका. त्याची २४ सेंटीमीटरची लहर झाडीतून चांगली जाते, पण बाष्प तिलाही तितकाच उशीर करतं. आणि जमीन खरोखर उचललेली बघायची असेल तर इटलीतलं पोझुओली: १९८२ ते ८४ मध्ये पावणेदोन मीटरच्या आसपास वर आलं, बंदर उथळ झालं. देशातला एकमेव जागता ज्वालामुखी बॅरन बेटावर. अंधेरीत नाही.

परतताना चालत आलो, अठरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला वांद्र्याच्या बॅन्डस्टँडचे खडक पाहिले, बरे आहेत. नळी माझ्याकडेच राहिली. घरी आल्यावर बाथरूममध्ये लावून पाहिली, तर लादीचा उतार मोरीकडे नाही, दाराकडे आहे.