दुकानदाराची लेक असून असं बोलतेस?

मिरजेला गेले की कोणीतरी विचारतंच. परवा आतेभावानं विचारलं, त्याआधी गल्लीतल्या काकूंनी. इथे स्टुटगार्टला मराठी मंडळींच्या गणपतीत नवीन आलेली पोरं तर दरवर्षी विचारतात: "नाताळच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा दुकानं बंद? सगळ्यांना सुट्टी, खिशात पैसे, आणि शटर खाली? यांना धंदा कळतो की नाही?" मी जर्मनांची बाजू घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला. "अगं, तू तर दुकानदाराची लेक. तू असं बोलतेस?"

बोलते. आता एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी चहा तरी सुखानं पिता येईल.

२६ डिसेंबरला जर्मनीच्या सोळाही राज्यांत सार्वजनिक सुट्टी असते. २४ ला दुपारी दोनच्या सुमारास मिटलेली दुकानं २७ ला उघडतात, आणि २७ ला रविवार आला तर २८ ला. २०२६ मध्ये तेच आहे: २५ शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार. आणि सुट्टी शनिवार-रविवारी पडली तर बदली सुट्टी मिळत नाही, गेली ती गेली. २०२१ मध्ये दोन्ही दिवस असेच वाया गेले, तेव्हा माझे ऑफिसातले लोक सुतकी चेहऱ्यानं फिरत होते.

याचा देवाधर्माशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. पण तेवढंच नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेनं रविवार आणि सणांच्या सुट्ट्यांना विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षण दिलं, आणि १९४९ च्या घटनेनं ते कलम तसंच्या तसं घेतलं. बर्लिननं नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली, तेव्हा चर्चवाले कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. कामगार संघटनाही या बाबतीत त्यांच्याच बाजूला. एरवी ही दोन मंडळी एका बाकावर बसलेली कुठे दिसतात?

फुल्डाचं प्रकरण तर त्याहून कडी. तिथे एका कंपनीनं विक्रेताच नसलेलं छोटं दुकान काढलं. आत जायचं, वस्तू स्वतःच स्कॅन करायची, पैसे भरायचे, चालू लागायचं. मग रविवारी विश्रांती मोडते ती कोणाची? हेसन राज्याच्या वरच्या प्रशासकीय कोर्टानं २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं, दुकान ते दुकान, रविवारी बंद. पुढच्या वर्षी राज्याला कायदाच बदलून अशा दुकानांना वाट करून द्यावी लागली. यावर हसायचं असेल तर हसा, मीही हसले होते.

आता आमच्या दुकानाचं.

किराणा-भुसाराचं दुकान, समोर तसंच दुसरं. १९४८ च्या दुकान कायद्याप्रमाणे आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला लागायचं. त्या दिवशी अण्णा पुढचं शटर ओढायचे आणि मागचं दार उघडं ठेवायचे, कारण समोरच्यांचंही मागचं दार उघडं असायचं. (२०१७ च्या नव्या कायद्यानं तर बारा महिने तेरा त्रिकाळ उघडं ठेवायची मोकळीकच दिली.)

मी सातवीत असताना वसुबारसेच्या चार दिवस आधी आज्जी गेली. ऐन फराळाच्या बाजाराचे दिवस. अण्णांनी मुंडन केलं, शटर खाली ओढलं, कृष्णाघाटावर सगळं झालं. राख सावडली त्या दिवशी संध्याकाळी आमच्या महिन्याच्या खात्यातल्या एक बाई भेटायला आल्या. आईजवळ बसल्या, मनापासून रडल्या. येताना हातातली पिशवी त्यांनी दाराशी ठेवली होती. तिच्यावर समोरच्या दुकानाचं नाव छापलेलं, आत पिठीसाखर आणि डालडा. कोणी काही बोललं नाही. त्या गेल्यावर अण्णा दाराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शटर उघडलं. आई म्हणाली, "अहो, दहावा तरी होऊ द्या." ते म्हणाले, "दहाव्यापर्यंत दिवाळी थांबणार आहे का?"

मी गल्ल्यावर बसले. अण्णांनी एरवी कधी न घातलेली पांढरी टोपी घातली होती. डाळीच्या पोत्यात वाकले की ती घसरायची, गिऱ्हाईक डोक्याकडे बघायचं आणि पटकन बरण्यांकडे बघायला लागायचं. रवा, बेसन, पोहे आम्ही द्यायचो. पूजेचं सामान मात्र सुतकातल्या हातानं कसं द्यायचं? म्हणून लाह्या, बत्तासे, कापूर, वाती एका बाजूला काढून कामाला असलेल्या बाळूसमोर ठेवल्या होत्या. कोणी बत्तासे मागितले की अण्णा मान वर न करता म्हणायचे, "बाळू देईल." दिवसभर तेच. बाळू देईल. बाळू देईल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळ्या पेठेत तोरणं, वह्यांची पूजा, फटाके, आणि आमच्याकडे नुसती ट्यूबलाइट आणि तराजू. दुकान उघडं, पूजा नाही. रात्री दहापर्यंत विक्री चालली. चांगली झाली विक्री, हेही सांगायला हवं.

दहाव्याला अण्णा सकाळी घाटावर गेले आणि अकराच्या आत परत दुकानात होते. मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "समोरचा बंद ठेवील त्या दिवशी मीही ठेवीन." समोरच्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिच्या वडिलांचं पालुपदही हेच.

म्हणून मला इथला कायदा आवडतो. तो समोरच्याचं शटरही खाली ओढतो, मागच्या दारासकट. एकट्यानं दुकान बंद ठेवायचं म्हणजे गिऱ्हाईक गमवायचं. सगळ्यांचंच बंद असलं की गिऱ्हाईक २३ तारखेलाच येऊन दुप्पट सामान नेतं. धंदा बुडत नाही, फक्त सरकतो. हे जर्मनांना चांगलं कळतं.

इथवर माझं म्हणणं मला स्वतःला पटतं. पुढचं जड जातं.

इथे शिकायला आले त्या वर्षीची मी अजून माझ्याशी भांडते. वसतिगृह रिकामं, सगळे आपापल्या घरी, माझ्याकडे भात आणि लोणचं. प्रवाशांसाठी म्हणून स्टेशनातलं दुकान उघडं ठेवायला परवानगी असते, तिथे चालत गेले तर रांगेत बहुतेक माझ्यासारखेच परदेशी, हातात सामान कोणाच्याच नाही. ती मुलगी म्हणते, बंद दुकानं ही घरदार असलेल्यांची चैन आहे. मी तिला अण्णांच्या टोपीचं सांगते. ती म्हणते, ते मलाही माहीत आहे, तरी मला भूक लागलीय.

आणि अण्णा. ते इथे आले होते तेव्हा २६ ला मी त्यांना मुद्दाम क्योनिगस्ट्रासेवरून फिरवलं. एवढा मोठा बाजाररस्ता, काचांमागे दिवे, आणि सगळी दारं बंद. ते भाडं किती असेल याचा अंदाज बांधत होते. मी माझा सगळा युक्तिवाद मांडला, असा कायदा असता तर तुम्हाला आज्जीसाठी रडायला वेळ मिळाला असता, वगैरे. ते थोडं चालले आणि म्हणाले, "पाहुण्यांत बसून रडलो असतो, नाही कोण म्हणतं. दुकानात निदान हात चालू होते. तुझं म्हणणं असेल बरोबर, पण माझ्या नावावर खपवू नकोस."

तरी खपवतेच आहे, हे दिसतंय तुम्हाला.

सुट्टी सगळ्यांना असते हेही खरं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर नाशिकचा एक विद्यार्थी २५-२६ च्या पाळ्या मागून घेतो. २५ आणि २६ डिसेंबरला आणि १ मेला मूळ मजुरीच्या १५० टक्क्यांपर्यंतचा जादा भत्ता करमुक्त असतो. मालकानं तो द्यायलाच हवा असं बंधन नाही, त्याचा देतो. त्याला बंद दुकानांचं कौतुक सांगायला गेले, तर म्हणाला, "ताई, सगळी उघडी असती तर मला ही पाळी मिळाली असती का?" म्हणजे तो माझ्या बाजूचा की विरुद्ध, मला ठरवता आलेलं नाही.

दूध संपलं होतं, त्याच्याकडूनच घेतलं. हो, २६ तारखेलाच.