एम२०: गरम झाली की मरते, आणि अण्णांचा चहा

माझी युद्धकाळातली बीएसए एम२० मोटरसायकल गरम झाली की बंद पडायची. गेल्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की दोष अमल कार्ब्युरेटरचा. शब्द मागे घेतो. काल बाईक कात्रज घाट चढून खेड शिवापूरला गेली, तिथे रसरशीत तापलेल्या इंजिनवर बंद केली आणि दुसऱ्या किकला बोलली. टपरीवरची माणसं माझ्याकडे बघत होती, बघू देत.

दोषी मॅग्डायनोच होता, म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि चार्जिंगचा डायनामो यांची जोडगोळी. लक्षणं तीच: सकाळी एका किकमध्ये चालू, वीसेक मिनिटांनी फुटफुट, मग ठार. अर्धा तास गार होऊ द्या, परत शहाणी. मी जेट बदलले, टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, टॅपेट तीनदा लावले. शेवटी मॅग्नेटोचे पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) उघडले तर काळेठिक्कर. गॅप बरोबर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), मग जळतात कशाने? कंडेन्सर! पॉइंट जळू नयेत म्हणून असतो तो. मॅग्नेटो बनवणाऱ्या लुकासने तो आर्मेचरच्याच, म्हणजे आतल्या फिरत्या कॉइलच्याच पोटात कोंबलाय. मॅग्नेटो टेबलावर घेऊन हाताने फिरवला: ठिणगी निळी. हेअर ड्रायरने तापवला: पिवळट, मग काहीच नाही. (ड्रायर परत केलाय, घरी कळवू नये.)

कॉइल नव्याने गुंडाळणाऱ्या पहिल्या वाइंडरने 'कंडेन्सर चांगलाय साहेब' म्हणत तोच ठेवला, वर असलं वॉर्निश थापलं की तापल्यावर ते वितळून आर्मेचर मॅग्नेटोच्या बॉडीलाच चिकटलं. दीड महिना पाण्यात. दुसऱ्याने सगळं उपसून नवं वाइंडिंग केलं, जास्त व्होल्टेजचा फिल्म कंडेन्सर घातला. महाग पडला, पण माझं मत पक्कं झालंय: मॅग्नेटोवर कंजुषी करू नये. जुन्या बाजारातले 'नवेकोरे' कंडेन्सर तर हातातही धरू नका, पडून पडून म्हातारे झालेले असतात.

आता गंमत. युद्धात बीएसएने सव्वा लाखाच्या आसपास एम२० बनवल्या. आपल्या गाडीचं इंजिन एका कंत्राटातलं, फ्रेम दुसऱ्या. लष्करी वर्कशॉपात असंच चालायचं. डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघाल्यानंतर आरसी बुकात चार मालक. तिसऱ्यांचे चिरंजीव, आता सत्तरीतले, परवा भेटले. म्हणाले, "अण्णांना चहाचं भारी वेड. साताऱ्याला जाताना कात्रजच्या माथ्यावर, नसरापूर फाट्यावर, शिरवळला थांबायचेच. अर्धा-अर्धा तास."

अर्धा तास! मी काही बोललो नाही. घरच्यांनी आयुष्यभर चहाला दोष दिला, गुन्हेगार कंडेन्सर.

टाकी खरवडून खाकी करायचा बेत होता. पण अण्णांनी हाताने ओढलेली ती सोनेरी रेघ, वाकडी का असेना, आता पुसवत नाही. काळाच रंग राहील. रविवारी साताऱ्याला न थांबता जायचं ठरवलं होतं... नाही, तिन्ही ठिकाणी थांबतो. चहा संपला की लगेच किक. गरम स्टार्टची याहून चांगली परीक्षा कुठली?

डायनामो अजून चार्ज करत नाही. त्याचं नंतर.