मोत्या आणि ठेलाऱ्यांच्या मेंढ्या

साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांनी आज खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या आणि आमच्या मोत्या कुत्र्याच्या अंगात आलं! तो बॉर्डर कोली, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची जात, मेंढ्या वळायलाच घडवलेली. धुळ्यात मात्र बिचाऱ्याच्या नशिबी आजवर भाचरं आणि कोंबड्याच.

आज पोट जवळजवळ जमिनीला टेकवून, मान खाली, नजर रोखून असा सरकला की पुढची मेंढी जागच्या जागी थबकली. ना भुंकणं, ना चावणं. ठेलारीबाबा बघतच राहिले, "याले कोनी शिकाडं रे भो?"

आणि हो, "उन्हाळा आहे, केस भादरून टाक" म्हणणाऱ्यांनो, त्याच्या दुहेरी केसांनीच उन्हापासून कातडी वाचते. त्यापेक्षा पहाटे येऊन त्याला पळायला न्या, मी झोपतो.