तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिपा नव्हत्या, मग टोपी टिकायची कशी?

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या (१५५८ ते १६०३) इंग्लंडमधल्या बायकांची लिननची टोपी मी शिवते, तिच्यावर काळ्या रेशमाने दुहेरी धावदोऱ्याची वेलबुट्टी भरते. ती हातात घेतली की बायका हमखास विचारतात, "तेव्हा ना क्लिपा, ना इलॅस्टिक. मग हे डोक्यावर राहायचं कसं?"

केसांच्या जोरावर.

मलाही हे पहिली टोपी शिवल्यावरच कळलं. तिला कॉइफ म्हणतात. एकाच तुकड्यातून बेतलेली, माथ्यावर शिवण, मागे चुण्या आणि मानेकडच्या काठाला नाडी. मी ती मोकळ्या केसांवर घातली, तर दहा मिनिटांत मागे घसरली. नाडी आवळली, तर वर सरकली. दोनदा उसवून माप बदललं. माप बरोबरच होतं, टोपीला धरून राहायला खाली काही नव्हतं.

त्या बायका दोन वेण्या घालून त्या डोक्याभोवती गुंडाळायच्या आणि फितीने अक्षरशः शिवून टाकायच्या. शाळेत लाल रिबिनींनी वर बांधलेल्या वेण्या आठवतात ना, तशी गाठ मारून भागायचं नाही. फीत वेणीतून, खालच्या केसांतून ओवत न्यायची. त्यासाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई असे, बॉडकिन. लंडनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातल्या अशा सुया सापडल्या आहेत, आणि काहींच्या एका टोकाला चक्क कानकोरणं आहे! मला ही वस्तू फार आवडते. केस बांधायचे, नाड्या ओवायच्या, कान साफ करायचा, आणि ती मौल्यवान असली तर दागिना म्हणून केसांतच खोचून ठेवायची. वेण्यांचं हे कडं झालं की कॉइफची नाडी त्याखाली अडकते आणि टोपी हलत नाही. वर टाचण्या टोचायला वेणीची उशी असतेच.

कॉइफ गरीब-श्रीमंत सगळ्याच घालत. लग्न झालेल्या बाईने केस झाकावेत ही रीत होती, कुमारिका आणि नवरी केस मोकळे सोडू शकत. १५ जानेवारी १५५९ला राज्याभिषेकाच्या वेळी राणीचे केस खांद्यांवर मोकळे होते. श्रीमंतांकडे मोत्यांचे काठ लावलेला फ्रेंच हूड, म्हणजे मागे पडदा सोडलेली ताठ टोपी असे, शहरातल्या व्यापाऱ्यांच्या बायका कॉइफवर उंच हॅट चढवत. १५७१मध्ये तर कायदाच झाला: रविवारी आणि सणाच्या दिवशी सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने इंग्लंडमध्ये विणलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. टोपी विणणाऱ्यांचा धंदा टिकावा म्हणून हे केलं होतं. कुमारिका आणि खानदानी बायका-पुरुषांना सूट होती, म्हणजे जाच साध्या घरच्यांनाच. १५९७मध्ये तो रद्द झाला.

केसच नसले तर? स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत होती, तेव्हा तिची सखी मेरी सीटन तिचे केस बांधत असे. पहाऱ्यावरच्या सर फ्रान्सिस नॉलिस यांनी १५६८मध्ये सीटनच्या हाताची पत्रात तारीफ केली आहे. ८ फेब्रुवारी १५८७ला फॉदरिंगे इथे मेरीचा शिरच्छेद झाला. डोक्यावरचं तलम वस्त्र गळून पडलं आणि खाली अगदी बारीक कापलेले पांढरे केस दिसले, असं तिथे हजर असलेल्याने लिहून ठेवलं आहे. ती ४४ वर्षांची होती. वेण्या बांधून देणारी मेरी सीटन तेव्हा जवळ नव्हती. हा मजकूर वाचला की माझा हात भरतकामावर थांबतो.

आखूड केसांच्या मैत्रिणी विचारतात, "मग आम्ही कशी घालायची?" कॉइफबरोबर तिकोनी कपाळपट्टी असते. ती आधी मागे घट्ट बांधा आणि कॉइफ तिलाच टाचा. लिनन लिननला धरून राहतं.